धुराचं खोकं

एक खोकं एक रात्र घरी सांभाळायचं, एवढंच तर काम होतं. सुट्टीमुळे आमची ठाण्याची लॅब बंद राहणार म्हटल्यावर मी मॅडमना छातीठोकपणे सांगितलं, "पार्सल माझ्या घरी, कल्याणजवळ मोहन्याला पाठवा. मी आहे ना!"

आमची लॅब रक्तातल्या आरएनएवरून टीबी ओळखायची चाचणी तयार करतेय. जंतू शरीरात शिरला की पेशींमध्ये आरएनएच्या चिठ्ठ्या बदलतात. त्या वाचल्या की रोग कळतो. खोक्यात त्याचीच रसायनं होती, कोरड्या बर्फात, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलेली.

"आई, याला हात लावू नकोस."

"का रे, मला काय होईल?"

"तुला नाही गं, त्याला होईल. आपल्या घामानेसुद्धा आरएनए तुटतो."

"टीबीचंच आहे ना ते?"

"हो," म्हणालो आणि बहिणीच्या, पायलच्या, लग्नपत्रिका आणायला कल्याणला गेलो.

तो 'हो' महागात पडला. आईने शेजारच्या कलावतीकाकूंना सांगितलं, प्रफुल्लने खोक्यात टीबी आणून ठेवलाय. दोघी बघायला आल्या तर फटीतून पांढरा धूर! काकूंनी काठीने झाकण उडवलं आणि बादलीभर पाणी ओतलं. मग काय, घर, ओटा, अख्खी चाळ ढगात गेली.

मी परतलो तेव्हा चाळ रस्त्यावर उभी होती आणि मधोमध बसलेल्या बाबांचा खोकला थांबत नव्हता.

"पोराने बापाला टीबी दिला," काकू म्हणाल्या.

"काकू, नुसता बर्फ होता तो."

"मग हे खोकतायत ते काय नाटक?"

कुणीतरी पोलिसांना फोन लावायला लागलं. तेव्हा बाबांनी हात वर केला.

"पोराला बोलू नका. माझा खोकला जुना आहे. दिवाळीपासूनचा."

आई बघतच राहिली. "आणि मला सांगितलं नाही?"

"पायलचं लग्न ठरलेलं. टीबीचं नाव निघालं असतं तर सोयरीक मोडली असती. म्हणून तर मी बाहेर ओट्यावर झोपायचो. तुम्ही समजलात गरमी होते."

पायलने डोळे पुसले आणि रिक्षा थांबवली.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. टीबीच निघाला. "गोळ्या मध्येच सोडल्या नाहीत तर पूर्ण बरे व्हाल," डॉक्टर म्हणाले. पायलने स्वतःच होणाऱ्या सासूबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग लग्न पुढे ढकलू. मांडवात बाप नको का?"

खोक्यातलं सगळं वाया गेलं. मॅडमनी आधी बाबांची चौकशी केली आणि मग शांतपणे म्हणाल्या, "यापुढे पार्सल वॉचमनकडे."

बाबा बरे झाले, लग्नात नाचलेही. पण आता चाळीत कुणाचा खोकला लांबला की काकू त्याला धरून आमच्या दारात हजर!

"काकू, दवाखान्यात न्या. तपासणी फुकट होते."

"नेते रे. पण आधी तुझा तो धूर आण. त्यात उभं केलं की माणूस खरं बोलतो."

आमच्या चाचणीवर एवढा विश्वास अजून मॅडमचाही नाही.