धोंडीबाईंचा अंगठा आणि चार मलमं

बाईमाणसाची लायकी तिच्या हातांवरून ठरते, आणि हात कुणाचे बघायचे हे सासू ठरवते. या दोन्ही नियमांना धरून किन्हवलीजवळच्या एका गावात धोंडीबाईंची आपल्या सुनेबद्दल एकच तक्रार होती. समीक्षा भांडी घासून झाली की हातांना क्रीम लावते, आणि ते जिरेपर्यंत दहाही बोटं फाकवून, ओल्या मेंदीच्या नवरीसारखी पडवीत बसून राहते. धोंडीबाईंच्या मोजणीप्रमाणे ही जिरवणी रोज पाव तास चाले. पाव तासात माणूस गोठा झाडतो, किंवा वाल सोलतो, किंवा शेजारणीला चार शब्द सुनावतो. (तिन्ही कामं एकाच वेळी करण्याचा मान गावात फक्त धोंडीबाईंकडे आहे.)

धोंडीबाईंचे स्वतःचे हात म्हणजे गावातली मान्यताप्राप्त वस्तू. भातलावणीच्या पंचेचाळीस आवण्या चिखलात काढलेले, रोपांची जमीन भाजायच्या राबासाठी शेणाच्या पाट्या वाहिलेले, विळ्याने आठ ठिकाणी चिरलेले. डाव्या अंगठ्याचं नख नखुरड्यात गेलं ते परत आलं तेव्हा कौलासारखं आलं. नातवंडांना पाठ खाजवून घ्यायची असली की ती आजीकडे येत. नुसता हात फिरवला तरी काम होई.

"माज्या हाताला कदी क्रीम नाय लागला," त्या चारचौघांत सांगत. "राख लागली न् शेन लागला."

अशा हातांना रेशनवाल्या कुंडलिकने माघ महिन्यात, अकरा माणसांसमोर, नाकारलं.

कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव धोंडीबाईंचं. त्यांनी रीतसर मशीनवर अंगठा ठेवला. मशीनने तोंड फिरवलं. दुसरा अंगठा, मग उरलेली आठ बोटं. पदराने पुसून, फुंकर मारून, एकदा थुंकी लावूनसुद्धा.

"आजी, तुमी नाय," कुंडलिक म्हणाला.

"मी नाय तर समोर कोन उबी हाय? माजी सवत?"

"मशीनमदी नाय. बोटांच्या रेघाच झिजल्यात. सून आलीय ना? तिचा चालंल."

समीक्षाने अंगठा टेकवताच मशीन आनंदाने ओरडलं. (मोबाईलवर ओटीपी मागवायचीही सोय असते. धोंडीबाईंचा ओटीपी मुलाच्या, म्हणजे सुनिलच्या, हरवलेल्या सिमवर येतो.) तांदूळ मिळाला. मात्र जाता जाता कुंडलिकने धोरण जाहीर केलं: "पुढल्या महिन्याला नाय उमटला, तर प्रमुख म्हणून समीक्षावयनींचं नाव टाकून देऊ. फॉर्म हाय माज्याकडं. नायतर हाताला क्रीम लावा, आजी. महिनाभर. स्वस्तातला पन चालतो."

कुटुंबप्रमुखपद ही काही कागदावरची गोष्ट नव्हे. त्या पदाबरोबर कणगीच्या खोलीची किल्ली, लग्नाच्या अक्षतांचं आमंत्रण आणि शेवटचा शब्द येतो. धोंडीबाईंनी हे पद सासूकडून बावीस वर्षांच्या भांडणाने मिळवलेलं होतं. ते एका ट्यूबमुळे जायचं नाही. फार तर एका ट्यूबमुळे राहील.

घरी येताच क्रीमविषयक धोरण बदललं, आणि परवडणाऱ्या हातमलमांची चाचणी सुरू झाली. उजवा हात चाचणीसाठी. डावा कोरा, तुलनेसाठी. (दुसरी पास बाईला हे कुणी शिकवलं, असं विचारणाऱ्याने तिने कधी बियाण्याचं भात पारखताना बघितलेलं नाही.)

समीक्षाची गुलाबी ट्यूब पहिल्याच दिवशी चाचणीसाठी ताब्यात घेण्यात आली. शहापूरच्या दुकानातली, साठ रुपयांची, वास मोसंबीचा. ती तर्जनीला लागली, त्यामुळे तर्जनी दोन वेळा चाटली गेली. मुरबाडच्या बाजारात बचतगटाने विकायला ठेवलेलं कोकमाचं मलम मधल्या बोटाला. गुण चांगला, पण डबीतून काढायला उलथनं लागे. अंगठ्याला म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं, म्हशीच्या फुटलेल्या सडांना लावायचं मलम. डबा सगळ्यांत मोठा, किंमत सगळ्यांत कमी. (म्हशीकडून तक्रार आलेली नाही.) चौथं, धोंडीबाईंची आई लावायची ते मोहाच्या बियांचं तेल. ते घरातच होतं आणि फुकट होतं, म्हणून बाद झालं. फुकटची वस्तू परवडते की नाही हे कसं ठरवणार?

गुलाबी ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात सूचना होत्या. त्या समीक्षाकडून वाचून घेतल्या गेल्या.

"लावल्यावर काही वेळ पानी न् साबन टाळा, असं लिवलंय."

धोंडीबाई नियमाला पक्क्या. पाणी टाळायचं म्हणजे भांडी टाळायची, धुणं टाळायचं. साबण टाळायचा म्हणजे ज्या ज्या कामानंतर साबण लागतो ते काम टाळायचं: शेण, राख, विळा, खराटा, राबाचा पालापाचोळा. 'काही वेळ' म्हणजे किती, हे ट्यूबवर लिहिलेलं नव्हतं. म्हणून महिना धरला. आणि डाव्या हाताला क्रीम नसलं तरी एका हाताने शेण भरता येत नाही, म्हणून तोही उजव्याबरोबर मांडीवर बसला.

महिन्याभराची आकडेवारी अशी: घरातलं एकूण हातकाम शंभर टक्के. पैकी समीक्षा, साडेअठ्ठ्याण्णव. धोंडीबाई, दीड. (यात जेवण धरलेलं आहे.) सुनिल नेहमीप्रमाणे कामावर होता.

"आई, माजी ट्यूब?" समीक्षाने मध्यंतरी एकदा विचारलं. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, एक नख काळं झालं होतं.

"चाचनी चालू हाय गो. निकाल लागू दे."

पुढल्या महिन्याच्या दहा तारखेला निकाल लागला. कुंडलिकने फॉर्म काढून पेनाचं टोपणसुद्धा उघडलं होतं. धोंडीबाईंनी अंगठा टेकवला आणि मशीन पहिल्या झटक्यात ओरडलं. तर्जनी टेकवली, ओरडलं. मधलं बोट, ओरडलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला, ज्याला महिनाभर कसल्याच मलमाचं बोट लागलेलं नव्हतं. तोही उमटला.

कुंडलिकने फॉर्म घडी करून खिशात टाकला.

"कंचा क्रीम लावला, आजी? माज्या आयेला पन सांगतो."

धोंडीबाईंनी आपल्या कोऱ्या डाव्या हाताकडे बघितलं. मग मागे, पिशव्या धरून उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं. आणि डावा हात पदराखाली घेतला, म्हणजे त्यांना कळलं होतं.

"वयनी, आल्यात तर तुमचा पन एकदा बघून ठेवू," कुंडलिक म्हणाला.

समीक्षाने अंगठा टेकवला. पुसून टेकवला. फुंकर मारून टेकवला.

"वयनी, तुमी नाय."

(ज्या वाचकांचा अंगठा कुठल्याही मशीनवर पहिल्या झटक्यात उमटतो, त्यांनी आपल्या घरातलं क्रीम आत्ता कोणती भांडी घासतंय, ते उठून बघून यावं.)

धोंडीबाईंनी सुनेचा हात आपल्या मऊ हातात घेतला, उलटा केला, चिरांवरून अंगठा फिरवला, काळं नख उजेडाला धरून नीट पारखलं. मग अकरा माणसांना ऐकू जाईल असा निकाल दिला:

"आता शोभलीस गो या घरची सून. आनि ट्यूब मागू नको. माज्या हातांना आता सवय झालीय."