लाल सोफ्यावरची समिती

सूनबाईचं हे वागणं आत्याबाईंना अजिबात पसंत नव्हतं. बाहेरगावाहून मोठी माणसं येणार, तीही पैसे द्यायला येणार, आणि ही बया त्यांना स्टेशनापासून वस्तीपर्यंत चक्क पायी आणणार! भर उन्हात! फरफटत!

"अहो आई, ते चालायलाच येताहेत," सूनबाई सँडलचा पट्टा ओढत म्हणाली.

"हौसेने कुणी चालत नसतं. वाहन मिळालं नाही की माणूस चालतो!"

"तुम्ही फक्त घरी थांबा. मी सगळं बघते."

आत्याबाईंना कुणी 'फक्त घरी थांबा' म्हणावं, म्हणजे वाऱ्याला 'जरा इथं बसून राहा' म्हणण्यासारखंच होतं!

तसं त्यांना सुनेचं काम ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेशी त्यांचं दुसरीतच बिनसलं होतं, पण डोकं शाबूत होतं. सूनबाई नगरपालिकेत शहराच्या आखणीचं काम करायची. आणि साऱ्या विभागाचं मिळून जे मोठं मंडळ होतं, त्याने एक नवीन योजना काढली होती. आत्याबाईंची ती अख्ख्या गल्लीला समजावून झाली होती. "नुसता रस्ता मागितलात, नाही मिळणार. नुसती घरं मागितलीत, नाही मिळणार. आगगाडी जिथे थांबते तिथेच घरं, आणि घरापासून गाडीपर्यंत धड चालता येईल अशी वाट, असं तिन्ही एकत्र मागितलंत तरच मंडळ थैली सोडणार! तिवईसारखं आहे ते. एक पाय काढा, पडलीच!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू योजना त्यांनीच पहाटे उठून काढली होती.

पण खरी काळजी होती ती वेगळीच. मुलाने आणि सुनेने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक घर बघून ठेवलं होतं. तिथे ऑफिस, शाळा, सगळं पायाशी. "आपल्या वस्तीला योजना मंजूर झाली तर इथेच थांबू, आई. नाही झाली तर जावं लागेल," असं सूनबाईने सरळ सांगून टाकलं होतं. नातीला भेटायला मग सणावाराची वाट बघायची? छे! योजना झालीच पाहिजे! आणि आत्याबाईंच्या मते ती होण्याचा एकच मार्ग होता. पाहुण्यांची बडदास्त!

त्यांनी भाच्याला हाक मारली. भाचा सोफे बनवायचा आणि स्वतःच्या उघड्या टेम्पोतून पोचवायचा. आत्याबाईंना कुठे जायचं झालं की ह्याच टेम्पोत पुढे बसून जायच्या. पायी हिंडणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

"आत्या, मागे एक सोफा आहे गं. गिऱ्हाइकाला द्यायचाय."

"देवच पावला! पाहुणे बसतील कुठे, ह्याचीच चिंता होती. कसला आहे?"

"लाल. मखमली."

"उत्तम!"

सूनबाई स्टेशनच्या मुख्य दाराशी नकाशांची गुंडाळी घेऊन उभी राहिली. आत्याबाईंनी टेम्पो बाजूच्या दाराला लावला. लांबूनच त्यांनी फलाटावरून येणारे पाहुणे हेरले. मंडळाच्या पाहणी समितीच्या अध्यक्षीणबाई उंच, शिडशिडीत. त्यांच्यासोबत एक मोजणीवाले गृहस्थ, हातात दांडा आणि त्याच्या टोकाला चाक. रस्ता मोजायचं चाक!

"या, या! गाडी तयार आहे!"

"पण आम्हाला तर चालत..." अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणालात तरी आम्हाला कळतं हो! संकोच करू नका!" असं म्हणत आत्याबाईंनी त्यांना दंडाला धरून वर चढवलंसुद्धा! मोजणीवाले चाक मांडीवर घेऊन सोफ्याच्या टोकाला टेकले. तान्हं बाळ घेऊन बसल्यासारखे दिसत होते बिचारे.

आता गंमत बघा. वस्ती स्टेशनच्या अगदी समोर. मधे फक्त मोठा रस्ता. पण गाडीला वळायचं तर पार पुलापर्यंत जायला हवं! टेम्पो बाजूच्या दारातून निघाला, मागच्या बाजाराला वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागला, आणि पुलाकडे जाणाऱ्या गर्दीत रुतून बसला. कुठे? बरोबर स्टेशनच्या मुख्य दारासमोर!

सूनबाईने घड्याळातून मान वर केली आणि तिला दिसलं ते असं. लाल मखमली सोफा, त्यावर तिची सगळी समिती, वरून ऊन आणि चारी बाजूंनी भोंगे!

"आई!!"

पण भोंग्यांपुढे कुणाला काय ऐकू येणार? इकडे आत्याबाईंचा धीर सुटला होता. समोर घराची खिडकी दिसत होती, खिडकीतले वाळत घातलेले टॉवेल दिसत होते, आणि टेम्पो बोटभर हलत नव्हता.

"उतरा!" त्यांनी फर्मान काढलं. "हे काय, समोरच तर आहे!"

पाहुणे उतरले. अलीकडची अर्धी बाजू तुंबलेलीच होती, गाड्यांच्या फटीतून सगळे दुभाजकापर्यंत पोचले. आत्याबाई पुढे, सेनापतीसारख्या! आणि पलीकडची बाजू? ती मोकळी होती. मोकळी म्हणजे ट्रकना मोकळी! एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या वाऱ्याने अध्यक्षीणबाईंचा चष्मा वाकडा झाला. पुढे जावं तर ट्रक, मागे वळावं तर गर्दी सुटून तिकडच्याही गाड्या धावू लागलेल्या. टेम्पो भाच्यासकट पुलाकडे वाहून गेला. विळीएवढ्या रुंदीच्या त्या दुभाजकावर तिघं एकमेकांना धरून उभे!

आत्याबाईंनी ट्रकवाल्यांना हात दाखवून बघितला, शिव्या देऊन बघितल्या. एरवी त्यांच्या नुसत्या खाकरण्याने गल्ली गप्प व्हायची. इथे कुणी ढुंकून बघेना! आयुष्यात पहिल्यांदाच!

"आई, जागच्या हलू नका!"

आत्याबाईंवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. नवऱ्यानेसुद्धा नाही! त्या खिळल्यासारख्या थांबल्या. नकाशांची गुंडाळी झेंड्यासारखी उंच धरून सूनबाई रस्त्यात उतरली होती. एक रांग थांबवली, पुढे आली. दुसरी थांबवली, पुढे आली. कुणाकडे रागाने बघणं नाही, धावणं नाही. दुभाजकावर पोचली, सासूचा हात एका हातात घेतला, अध्यक्षीणबाईंना सासूचा पदर धरायला लावला, मोजणीवाल्यांना त्यांच्या मागे घेतलं आणि गुंडाळी ट्रकच्या तोंडावर रोखली. ब्रेक करकचले. ट्रक थांबला! आत्याबाई बघतच राहिल्या. हिला हे येतं कधीपासून?

पलीकडे पोचल्यावर अध्यक्षीणबाईंनी विजेच्या खांबाला टेकून श्वास घेतला. "रोज असंच ओलांडता?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ. लेकीला कडेवर घेऊन."

आत्याबाईंनी मागे वळून त्या ट्रककडे पुन्हा एकदा बघितलं. ह्यातून नात?

"आणि आम्हाला सोफ्यावर बसवायची कल्पना कुणाची?" अध्यक्षीणबाईंचा आवाज थंड होता.

झालं! आत्याबाईंनी डोळे मिटले. गेली योजना, गेली नात, चालली शहराच्या टोकाला!

"माझ्या सासूबाईंची," सूनबाई म्हणाली. "पाहुण्याला पायी आणणं त्यांना अपमान वाटतो. आणि बाई, इथला रस्ता बघून तसं वाटणारच ना! तुमच्याकडे आम्ही मागतोय ते एवढंच. गाडी थांबते तिथेच घरं व्हावीत, घरापासून गाडीपर्यंत धड वाट व्हावी, आणि पाहुण्याला पायी आणताना आमच्या आईंना लाज वाटू नये."

मोजणीवाल्यांनी चाक जमिनीवर टेकवलं आणि ते रस्ता मोजायला लागले.

महिन्याभराने सूनबाई घरात शिरली ती ओरडतच. "मंजूर! पहिला हप्ता रस्ता ओलांडायच्या जागेला! अध्यक्षीणबाईंनीच हट्ट धरला म्हणे!"

"आणि ते लांबचं घर?" आत्याबाईंनी भाजी निवडताना मान वर न करता विचारलं.

"नको म्हणून कळवलं दुपारीच."

आत्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी मान वर केली, सुनेला नखशिखांत न्याहाळलं आणि बजावून म्हणाल्या, "हट्टी आहेस, कुणाचं ऐकत नाहीस, भर रस्त्यात सासूवर ओरडतेस! अगदी माझ्यावर गेली आहेस!"