जुन्या सिंकचा तपास

कार्यालयाच्या चहाच्या खोलीतलं स्टीलचं सिंक निस्तेज झालं होतं, ही बाब कागदोपत्री तीन वर्षं जुनी. पाण्याच्या क्षारांचे पांढरे ओघळ, चहाचे तपकिरी डाग, आणि जाळीपाशी जे काही होतं त्याचं नाव कोणी घेत नसे. रीतसर तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि लिहून दिलं : 'सदर सिंक चकाकण्यास कायमचे असमर्थ.' तेव्हापासून नव्या सिंकची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती.

सफाईच्या मावशींना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या नव्या, हंगामी. महिनाअखेरीला साहेबांची सही झाली तर कायम, नाही तर घरी. एका सकाळी त्यांनी सिंक ओलं केलं, खाण्याचा सोडा भुरभुरला आणि पत्र्याच्या बारीक रेघा जातात त्याच अंगाने मऊ फडक्याने घासलं. वरून व्हिनेगर ओतलं, फेस बसू दिला, धुऊन कोरडं केलं, शेवटी तेलाचे दोन थेंब चोळले. अर्ध्या तासाचं काम. कप ठेवायला आलेला पहिला लिपिक सिंकमध्ये स्वतःचं तोंड बघून दचकला आणि कप घेऊन आल्या पावली परत गेला.

मग भांडारपाल आले. त्यांनी सिंक पाहिलं, फाइल पाहिली, पुन्हा सिंक पाहिलं.

"मावशी, जुनं सिंक कुठाय?"

"हेच की."

"हे चकाकतंय!"

"घासलं ना मी."

"अहो, ते चकाकू शकत नाही असा दाखला आहे. शिक्क्यासकट."

"मग आधी शिक्का घासायचा होता का?"

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब विचारी गृहस्थ. दाखला खोटा असणं शक्य नाही. म्हणजे हे ते सिंक नव्हे. म्हणजे जुनं चोरीला गेलं आणि हे विनापरवाना बसवलं गेलं. तिघांची समिती नेमली. एका सदस्याने सिंकवर टिचकी मारून आवाज संशयास्पद असल्याचं नोंदवलं. मावशींना नोटीस मिळाली : पाच दिवसांत मूळ सिंक हजर करावे, अन्यथा सेवा समाप्त.

"कोणी सांगितला होता नसता शहाणपणा?" घरी जाऊबाई करवादल्या. "सांगतील तेवढंच पुसावं माणसानं!"

मावशींना घास गोड लागला नाही. पण आयुष्य दुसऱ्यांचं खरकटं काढण्यात गेलं होतं. माणसं त्यांना पाठ होती. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"सिंक परत देते, साहेब. फक्त पाच दिवस मी त्याला हात लावणार नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी नेहमीसारखं वागायचं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे काहीच करायचं नाही. जमेल तुम्हाला."

पहिल्या दिवशी सगळे बिचकले. दुपारी कोणीतरी "आलोच" म्हणून एक कप ठेवला. त्याला सोबत नको का, म्हणून दुसरा आला. तिसऱ्या दिवशी चहापत्ती तुंबली, चौथ्या दिवशी वास सुटला. पाचव्या दिवशी समितीने नाकाला रुमाल लावून डाग ताडून पाहिले आणि पंचनामा केला : 'हरवलेले सिंक मूळ जागीच मिळून आले.' साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी मावशींना तिथल्या तिथे कायम केलं. अट एकच, सिंकला हात लावायचा नाही.

अहवालात फक्त एक रकाना भरायचा राहिला : 'सिंक परत कोणी आणले?' चौकशीत कार्यालयातल्या बेचाळीसही जणांनी लिहून दिलं, 'मी एकच कप ठेवला होता, तोही घाईत.' रकाना अजून कोरा आहे.

हसा, खुशाल हसा. पण तुमच्या घरच्या सिंकमध्ये आत्ता जो कप पडलाय, तो काय आपल्या पायांनी चालत गेला?