अकरा सूचना आणि एक तांब्या

लेखी नियोजन केले की अपघात होत नाही, असा मच्छिंद्र शेलार यांचा ठाम दावा होता. आणि सत्तेचाळीस वर्षांत तो खोटा ठरवण्याइतके त्यांच्या जवळ कोणी आलेच नव्हते.

शिरूरजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत धातू किती तापतो आणि किती वेळात निवतो, हे मोजणे त्यांचे काम. संध्याकाळी घरी पोचल्यावर ते गाडीतून लगेच उतरत नसत. निवत जाणाऱ्या इंजिनाची टिकटिक बारा मिनिटे चाले. ती थांबली की मग ते कुलूप उघडत. घरात तेवढेही बोलणारे कोणी नव्हते.

२००४ च्या जानेवारीत त्यांनी एक जाहिरात वाचली. पुण्याच्या कुठल्याशा क्लबाने दौंडजवळच्या एका खासगी धावपट्टीवर वळणे आखून हौशी चालकांसाठी वेगवान फेऱ्या ठेवल्या होत्या. ज्याने त्याने आपली गाडी आणायची! दुसऱ्या कोणी इंजिनाचा विचार केला असता. शेलारांनी ब्रेकचा केला.

"वेग काय, कोणीही गाठतो," दाढी करताना ते आरशाला म्हणाले. "नंतर त्या वेगाची उष्णता होते. तिचे काय करायचे, हा खरा प्रश्न!"

आरशाने हरकत घेतली नाही.

ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दाबून धरणारे ठोकळे, निवडायला तीन आठवडे लागले. रोजच्या वापरातले पॅड बाजारहाटाला उत्तम. पण तिसऱ्या फेरीत इतके तापतील की चकतीवरून साबणाच्या वडीसारखे निसटतील. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय पकडच घेत नाहीत. ते लावून सकाळी दुधाला निघालेला माणूस डेअरीच्या भिंतीतूनच आत जायचा! शेलारांनी मधल्या जातीचे घेतले. ब्रेकचे तेल बदलून लवकर न उकळणारे भरले. चकत्यांना वारा लागावा म्हणून चाकांवरची झाकणे काढून ठेवली.

आता अर्जातला एकच रकाना उरला: 'सोबत येणाऱ्याचे नाव'. मदतनीस सोबत नसेल, तर चालकाला पट्टीवर प्रवेश नव्हता. प्रयोगशाळेतल्या साहेबरावांच्या मुलीची परीक्षा होती. आणखी कोणाला विचारता येईल, याची यादी करायला शेलार बसले आणि दोन मिनिटांत कोरा कागद घेऊन उठले.

दरम्यान नवे पॅड चकतीवर घासून नीट बसवणे आवश्यक होते. ऐंशीच्या वेगात जोराने ब्रेक दाबायचा, पंधरापर्यंत यायचे आणि पुन्हा सुटायचे. पूर्ण थांबायचे मात्र नाही. तापलेल्या चकतीवर थांबलेल्या पॅडचा ठसा उमटतो. असे दहा वेळा. न्हावऱ्याच्या पुढे, चौफुल्याच्या रस्त्यावर त्यांना हवा तसा सरळ तुकडा सापडला. ब्रेक दाबायची खूण म्हणून त्यांनी एक लिंबाचे झाड मुक्रर केले. त्या झाडाखाली मेथीचे गाठोडे घेऊन रंगुबाई नावाच्या साठीच्या बाई एसटीची वाट पाहत होत्या, ही बाब त्यांनी विचारात घेतली नव्हती.

गाडी मंदावली. रंगुबाईंनी गाठोडे उचलले. गाडी पळाली!

गाडी उलट्या दिशेने आली, पुन्हा मंदावली. रंगुबाई चार पावले धावल्या. गाडी पुन्हा पळाली! पाचव्या खेपेला त्यांनी चप्पल हातात घेतली. सातव्या खेपेला पदर खोचला. नवव्या खेपेला त्या सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

गाडी त्यांच्यापासून दीड हातावर थांबली. ब्रेक उत्तम होते.

"सायेब, म्हातारीची टिंगल करता व्हय? नऊ येळा थांबलात आन् नऊ येळा पळालात! न्यायचं न्हाई तर थांबता कशापायी?"

"मी थांबत नव्हतो, बाई. थांबलो की ठसा उमटतो."

"कशाचा?"

"थांबल्याचा."

रंगुबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. मग दार उघडून त्या गाठोड्यासकट आत बसल्या. "घरी कोन हाय?"

"कोणी नाही."

"वाटलंच. बरं, किती येळा करायचं आसतं हे?"

"दहा."

"मंग एक ऱ्हायलं की! करा. मी बसती धरून."

शेलारांनी गिअर टाकला. त्यांचा प्रयोग दुसऱ्या कोणी मोजत असल्याची ही पहिलीच वेळ होती. दहाव्या ब्रेकला निम्मी मेथी काचेवर गेली, आणि रंगुबाई खळखळून हसल्या.

चौफुल्याला उतरेपर्यंत रकाना भरला. 'नाते' या शब्दापाशी पेन अडले, तशा रंगुबाई म्हणाल्या, "ल्हिवा मावशी. कोन तपासाया येतंय?"

त्यांच्यासाठी शेलारांनी अकरा सूचना तयार केल्या. मावशींना वाचता येत नसल्यामुळे त्या तीनदा वाचून दाखवल्या. चाकाजवळ बसू नये. चकतीला हात लावू नये. हँडब्रेक ओढू नये. बॉनेटवर पिशवी ठेवू नये. अकराही सूचना अशाच 'नये'वर संपत होत्या. स्वतःसाठी त्यांनी एकच नियम ठेवला: पाच वेगवान फेऱ्यांनंतर सहावी सावकाश, ब्रेक न लावता काढायची, म्हणजे चकत्या वाऱ्याने निवतील.

पाच फेऱ्या अप्रतिम झाल्या! ज्या वळणावर पुण्याच्या लांब लांब गाड्या धूर काढत बाहेर फेकल्या जात होत्या, तिथे शेलारांची जुनी, छोटी झेन गाडी शाळेत निघालेल्या शहाण्या मुलासारखी वळत होती. दुपारी दुसरी पाळी होती आणि तिच्यात त्यांचा पहिला नंबर जवळजवळ निश्चित होता.

पाचवी फेरी संपताना त्यांना कठड्याजवळ रंगुबाई दिसल्या. त्या पदर हलवत होत्या. शेलारांनी मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. म्हणजे तो पदर त्यांच्यासाठीच होता!

सहावी फेरी राहून गेली. करकचून ब्रेक दाबून ते सरळ आत आले.

रंगुबाईंनी सगळे नियम पाळले. हँडब्रेक ओढता येणार नाही, म्हणून चाकाखाली लावायला घरून चुलीची वीटसुद्धा आणली होती. ती लावली. हात लावला नाही, पिशवी ठेवली नाही. मग भाकरीचा तुकडा गाडीवरून ओवाळून टाकला आणि काठोकाठ भरलेला तांब्या उचलला. मैदान मारून आलेल्या बैलांच्या पायावर आणि गाड्याच्या चाकावर पाणी घालायचे असते. त्यांच्या घरात ते कधी चुकले नव्हते.

"मावशी, नको! चारशे अंश—"

झाकणे शेलारांनीच काढली होती. वाऱ्यासाठी ठेवलेल्या वाटेने पाणी आत गेले. फस्स! वाफेचा ढग उठला आणि आतून 'टण्' असा आवाज आला. तो आवाज शेलारांना प्रयोगशाळेतून चांगला परिचित होता. चकती तडकली होती.

"आगं बया! गाडी पेटली का काय?"

"नाही, मावशी. विझली."

दुपारची पाळी त्यांनी कठड्यावर बसून पाहिली.  तासाभराने रंगुबाई हळूच म्हणाल्या, "माझंच चुकलं. पर तुमी आकरा गोष्टी सांगितल्या, त्यात पानी न्हवतं."

हे बिनतोड होते. माघारीच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात शेलारांनी लिहिले: 'चालकाने निववण्याची फेरी केली नाही.' मदतनिसाचा उल्लेख केला नाही.

गाडी टेम्पोत घालून दोघे न्हावऱ्याला, रंगुबाईंच्या घरी आले. दारात शेलारांना थांबवून रंगुबाई आत गेल्या आणि तोच तांब्या भरून घेऊन आल्या. उंबऱ्याबाहेर जरा घुटमळल्या.

"पाय तरी गार हायती न्हवं?"

"हो," शेलार म्हणाले. "ओता."

नव्या चकत्या बसल्यावर त्यांनी बारावी सूचना लिहिली आणि ती वाचून दाखवायला मुद्दाम गाडी घेऊन गेले. 'गाडी आल्यावर चाळीस मिनिटे थांबून मग चाकावर पाणी घालावे.'

"चाळीस मिन्टं?" रंगुबाई म्हणाल्या. "मंग तवर भायेर काय करता? आत या, च्या टाकती."

चकती निवायला, हिशेबाने, वीस मिनिटे पुरतात. घरून सावकाश आलेल्या गाडीला तर तेवढीही लागत नाहीत. शेलारांनी हे दोनदा मोजून पाहिले होते. मात्र ते आकडे त्यांनी नोंदवहीत घेतले नाहीत.