मैनेची पहिली अखजी

तुळशीची लग्नं आटोपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, अकोल्याच्या जुन्या शहरात, आमचे शेजारी गणूकाका यांनी एकोणीस रुपये खर्चून दोन झुडपांचं लग्न लावलं. हजर: भटजी, काका-काकू, आम्ही नवराबायको आणि आमंत्रण नसलेली एक शेळी.

झुडपं विलायती. कापूस खरेदीला आलेल्या साहेबानं मायदेशी जाताना दोन कुंड्या काकांना दिल्या. हॉली म्हणतात. बुटकी, गोलसर, बारमाही हिरवी. पानं चकचकीत आणि काटेरी. साहेबानं बजावलं होतं, एक नर, एक मादी. जवळ ठेवली तरच लाल फळं धरतील.

“मंग लगन नाई लावा लागत काय?” काका म्हणाले. “बिनलग्नाची पोरगी परक्या पोराजवळ ठिवू?”

मादीचं नाव मैना. नर म्हणजे जावईबापू. त्याच्या फांद्या कातरताना काका दटावत, “हालू नका, हजामत चालू हाये!” वरात ओट्याच्या या टोकाहून त्या टोकाला गेली. काकूंनी डोळे पुसले.

त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव. गल्लीत लोकांनी परसातही सरकी टोबली होती. काकांच्या परसात मात्र या दोन कुंड्याच; तिथं किती शेर कापूस निघेल, याचा हिशेब मी त्यांना करून दाखवला.

“बापूसायब, तुमी आमच्या लेकीची जागा मोजून राहिले काय?”

मी हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला.

आपली काळी माती पाणी धरते, मुळं कुजतात. म्हणून काका मोर्णा नदीची वाळू आणि कुजका पाला कुंडीत घालत. हिवाळाभर मैना खुशीत होती. चैत्रात पानं करपली, निम्मी गळाली. जावईबापू ठणठणीत.

“सासर मानवलं नाई तिले,” काकू म्हणाल्या. काकांना जेवण जाईना.

अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. त्या सकाळी चौकशीला गेलो, तर मैनेची कुंडी माजघरात! दाराला वाळ्याचा पडदा. अशी चैन साहेबांच्या बंगल्यातच पाहिलेली. काकू पडद्यावर पाणी शिंपडत होत्या. काका घामानं निथळत कुंडीला पंखा घालत होते.

“काका, हे काय?”

“हळू बोला. लेक आली हाये.”

“दर अखजीले साऱ्या गल्लीत लेकी उतरतात, बापू,” काकू पडद्याकडे बघतच म्हणाल्या. “आमच्या दारात कोनी नाई आलं कधी.”

काकांनी मला जवळ बोलावलं. करपलेल्या फांदीच्या टोकाला गव्हाएवढा हिरवा कोंब होता.

मी कनवटीचा रुपया काढून मैनेच्या मुळाशी ठेवला. पहिल्या अखजीला आलेल्या लेकीला रिकाम्या हातानं भेटत नाहीत.