कागदावर नसलेलं पीठ

आपल्याला टेबलाशी का बसवत नाहीत, हा प्रश्न ड्वेनने भावाला सहा वर्षं विचारला आणि सहा वर्षं कार्लने उत्तर म्हणून त्याच्या हातात चिप्सचं रिकामं भांडं दिलं. भांडं भरून आणेपर्यंत कार्ल आणि त्याचे दोस्त डावात असे बुडालेले असत की याच्याकडे मान वर करून कुणी बघत नसे.

आता उत्तर द्यायला कार्लच नव्हता. शबॉयगन गावच्या रस्त्यावर बर्फात गाडी घसरून तो गेला, त्याला पाच आठवडे झाले होते. आणि आज शनिवारी दुपारी दोनच्या ठोक्याला त्याचे तिघे दोस्त बूट झटकत दारात उभे: लायल, मार्जी आणि नॉर्बर्ट.

"अर्धवट राहिलेला डाव आज संपवतो, काकू," लायल म्हणाला. "पुढच्या शनिवारपासून माझ्याकडेच बसू. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला," आई म्हणाली. सवयीने तिने चौघांपुरते सॉसेज भाजून ठेवले होते.

आठवड्यातून चार तास या घरात आवाज असायचा. तोही लायल उचलून नेणार, हे ड्वेनला कळलं (शाळा नववीतच सुटली असली तरी एवढं कळतं) आणि तो बोलून गेला, "कार्लच्या जागी मी बसतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणवेना, तेव्हा सगळे तळघरातल्या टेबलाकडे उतरले.

खेळ तसा तोंडाचाच. लायल गुहेचं वर्णन करणार, बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवणार. कार्लचं पात्र म्हणजे एक म्हातारा जादूगार. त्याला मंत्र येत तीन, तेही बालवाडीतले, आणि झोळीत दोरी, खडू असली अडगळ, सगळी एका कागदावर टिपलेली.

"नाण्यावर उजेडाचा मंत्र टाकून ते विहिरीत सोडलं होतं, आठवतं?" मार्जी म्हणाली. "तळातला नाग नुसता टकामका बघतोय."

"आणि बकरीच्या गळ्यात घंटा बांधून पहारेकरी पळवले होते," नॉर्बर्ट म्हणाला.

ड्वेनला यातलं काहीच आठवत नव्हतं. तो कार्लबरोबर एका खोलीत लहानाचा मोठा झाला होता, आणि या तिघांकडे एक वेगळाच कार्ल होता, त्याला कधी न भेटलेला. त्यातून कार्लचे हिरवे फासे लायलच्या तळहातात खुळखुळत होते.

"गुहेत न दिसणारा राक्षस आहे," लायल म्हणाला. "नुसता श्वास ऐकू येतोय. काय करतोस?"

"ठोसा मारतो."

"कुणाला?"

(प्रश्न बिनतोड होता.)

"कार्लने पीठ उधळलं असतं," मार्जी पुटपुटली. "अंगावर पीठ बसलं की न दिसणारं दिसतं."

"मग मीही उधळतो."

"कागद बघ. पीठ मागच्या वेळी संपलं. कागदावर नाही ते झोळीत नाही," लायल म्हणाला.

"घरात आहे की."

"अरे ड्वेन्या, घरातलं चालत नाही..."

पण ड्वेन जिना चढून गेलाही होता. परत आला तो आईच्या पिठाची दहा पौंडांची पिशवी छातीशी धरून.

"खाली ठेव ते," लायल म्हणाला. "कार्लला मूठभर पुरायचं."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

ड्वेनने पिशवीचं बूड धरून ती गरकन फिरवली. आणि घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा नेमका त्याच क्षणी सुरू झाला. तळघरात मावलं नाही ते पीठ त्याने ओढलं आणि नळ्यांतून वरच्या प्रत्येक खोलीत इमानदारीने पोचवलं.

"ड्वेन," वरून आईचा आवाज आला. एवढाच.

पीठ हळूहळू खाली बसलं. लायलवर, मार्जीवर, नॉर्बर्टच्या चष्म्यावर. कार्लच्या खुर्चीवरही बसलं, सपाट, सगळीकडे सारखं. चौघंही त्या खुर्चीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. तिथे कुणी नव्हतं.

आई खाली आली. भुवया पांढऱ्या. तिनेही आधी खुर्चीच पाहिली.

"हे एका दिवसात निघायचं नाही," ती म्हणाली. "आज तळघर पुसा. वरच्या खोल्या पुढच्या शनिवारी. भट्टीच्या नळ्या त्याच्या पुढच्या शनिवारी."

"पण काकू, पुढच्या वेळी माझ्याकडे..."

"लायल."

"हो, काकू."

पुसता पुसता लायलने कार्लच्या कागदावरचं पीठ फुंकलं आणि कागद ड्वेनपुढे सरकवला. वर हिरवे फासेही ठेवले. "बसायचंच असेल तर सामान पाठ कर."

ड्वेन ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. दोरी. खडू. घंटा. शेवटी कार्लच्या वाकड्या अक्षरात होतं: खेचर एक. नाव ड्वेन. हट्टी. विकायचं नाही.

"हे कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासून," मार्जी म्हणाली. "सगळं ओझं त्याच्यावर. आम्ही तीनदा विकायला काढलं, कार्ल ऐकेचना."

दुपारपासून ड्वेनने खोलीतल्या प्रत्येकाचा हेवा केला होता, मेलेल्या भावासकट. आता त्याला त्या खेचराचा हेवा वाटला. सहा वर्षं ते टेबलाशी होतं.

मग कुणी सांगायच्या आत त्याने चिप्सचं रिकामं भांडं उचललं, त्यातलं पीठ झटकलं आणि भरून आणायला तो जिना चढू लागला.