सरांचे दगड

"डांबरी रस्त्यावर तं पोट्टेही सायकल चालवतात. आपल्याले खडक पायजे, खडक!" असं अश्वजितनं बुलढाण्याच्या कॉलेजात चहाच्या वेळी चारचौघांत जाहीर केलं, तेव्हाच कुणीतरी त्याचं तोंड दाबायला हवं होतं. पण प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवून घेणारा सहायक असला, तरी त्याला सगळे सर म्हणतात. सरांचं तोंड कोण दाबणार?

एक जाड टायरांची माउंटन बाईक दुकानदार दयारामनं त्याला रविवारपर्यंत चालवून बघायला दिली होती. पटली तर ठेवा, नाहीतर परत आणा. दयारामला पटवणं सोपं होतं, अवघड होती पूनम. म्हणजे बायको. याआधी घरात ट्रेडमिल आली होती, तिच्यावर हल्ली गोधड्या वाळतात. मग गिटार आली, ती कपाटावर जी जाऊन बसली ती बसलीच. त्यामुळे या खेपेला पूनमनं आधीच अट घातली.

"देऊळघाटाकडं ते खडकाळ बरड आहे ना, त्या टेकडीच्या उतारावरून पाय न टेकवता खाली या. रविवारी मी सोता येऊन पाहीन. टेकला पाय, का सायकल दुकानात."

"एवढंच?" अश्वजित म्हणाला. हा 'एवढंच' त्याला पुढं फार महागात पडला.

गुरुवारी संध्याकाळी तो एकटाच सरावाला गेला. शेतांकडं जाणाऱ्या वाटेचा तो उतार खरंच झकास होता. पाटाएवढे दगड, त्यांच्यामधून घरंगळणारे गोटे आणि मधोमध काळ्या खडकाची एक गुडघाभर पायरी. तिथं शेळ्यासुद्धा थांबून विचार करत. अश्वजितनं केला नाही. पायरीवर सायकल थांबली, अश्वजित थांबला नाही, आणि थेट बाभळीच्या काट्यांत जाऊन पडला.

खालच्या शेतातून भगवंतराव धावत आले. त्यांची नात याच कॉलेजात शिकायची, त्यामुळे त्यांनी सरांना लगेच ओळखलं.

"काऊन हो सर, रस्ता चुकले काय? तिकून चांगली डांबरी आहे ना."

"नाही काका, मले इथूनच जायचं आहे."

"या गोट्यायतून?"

"हाव. मले दगडच पायजेत."

भगवंतरावांनी काटे काढता काढता हेल्मेटकडं पाहिलं. त्याला उभी चीर गेली होती. डोक्याला मार लागलेला माणूस काय वाट्टेल ते बोलतो, हे त्यांनी मनोमन ताडलं. सरांना पाणी पाजलं, डांबरी रस्त्यापर्यंत पोचवलं, आणि गावात जाऊन सांगितलं की आपल्या वाटेवर एक भला माणूस पडला.

शनिवारी सकाळी अश्वजित पुन्हा आला, तर काय! मोठे दगड उचलून कडेला लावलेले. काळी पायरी मातीनं बुजवलेली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप? आता पूनमला काय दाखवायचं, कपाळ? सायकल निंबाला टेकवली आणि गडी दगड परत जागच्या जागी मांडायला लागला. नखांनी उकरून पायरी मोकळी केली. ज्या माणसानं घरात कधी गॅसचं सिलिंडर हलवलं नाही, तो पोटाशी धोंडे धरून टेकडीवर येरझारा घालत होता. कमरेतून कळा येत होत्या, शिव्या देत होता आणि उचलत होता.

तेवढ्यात गावच्या सरपंच सारिकाताई शेताकडं निघालेल्या. त्यांना पाहून अश्वजित धोंड्यासकट जागीच थिजला.

"सर, ठेवा तो गोटा खाली," सारिकाताई म्हणाल्या. "वाट आमची, पडले तुम्ही, अन् वरतून दगडही तुम्हीच उचलून राह्यले? आम्हाले लाज वाटाले पायजे."

"नाही ताई, मी तं हे इथं..."

"काही बोलू नका."

त्यांनी मोबाईल काढून एक फोटो घेतला आणि तरातरा गावाकडं गेल्या. माणूस दगड काढतोय की टाकतोय, हे फोटोत थोडंच दिसतं. तो फोटो दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. त्याखाली भगवंतरावांच्या नातीनं कॉलेजात ऐकलेली बातमी टाकली, की सर रविवारी पुन्हा येणार आहेत.

रविवारी अश्वजित सायकलवर आणि पूनम मागून स्कुटीवर, अशी वरात टेकडीच्या माथ्यावर आली. अख्खा उतार मुरूम टाकून, दाबून, वर पाणी मारून गुळगुळीत केलेला. खाली टेबल, त्यावर शाल, नारळ, आणि भोवती सगळं गाव.

"हाच काय तुमचा खडक?" पूनमनं विचारलं.

"कालपर्यंत होता."

"हो का." असं म्हणून पूनम स्कुटीवर बसूनच आरामात उतार उतरून गेली. पाय न टेकवता. खाली बायांनी तिला कुंकू लावलं.

आता गाव वर बघत होतं. निदान रुबाबात तरी उतरू, म्हणून अश्वजित निघाला. टाळ्या सुरू झाल्या. भगवंतरावांनी हात जोडले, यानंही नमस्काराला हात उचलला, आणि ओल्या मुरमावर चाक असं काही घसरलं की सर बसल्या बैठकीला थेट सत्काराच्या टेबलापाशी येऊन थांबले.

भगवंतराव टँकरवाल्यावर खेकसले, "सांगतलं होतं ना तुले, पाणी कमी मार म्हणून!"

चिखलावरच शाल पांघरली गेली. सारिकाताई बोलायला उभ्या राहिल्या. "सरांनी आमचे डोळे उघडले. टेकडीच्या पलीकडची वाट अजून तशीच आहे. निरे गोटे अन् खडक."

खडक म्हणताच अश्वजितचे कान उभे राहिले.

"सर संगं असले, तं दर रविवारी श्रमदान करून तेही दगड आम्ही काढून टाकू."

अश्वजितनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण पहिल्या रांगेतून पूनमच बोलली, "येतील ना. दर रविवारी येतील."

परतताना तो सायकल ढकलत चालला होता. शालीतून पाणी गळत होतं.

"चल, दयारामचं दुकान उघडं असेल," तो म्हणाला. "पायच काय, मी अख्खाच टेकलो."

"काऊन? राहू द्या सायकल."

अश्वजितचा विश्वासच बसेना. "अन् अट?"

"अट गेली उडत," पूनम स्कुटी चालू करत म्हणाली. "दर रविवारी दगड उचलायले कशावर येसान? स्कुटी मले लागते."